गाणाऱ्याचा मान : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

गाण्याला दाद कशी द्यावी, हा प्रश्न ऐकला की पुष्कळांना हसू येते. गाणे आवडले तर वाहवा म्हणावे, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे. यात शिकण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटते. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. बदलीच्या नोकरीमुळे आमचे निम्मे आयुष्य महाराष्ट्राबाहेर निरनिराळ्या गावी गेले आणि जेथे जेथे गेलो तेथील मराठी मंडळाचे सभागृह हेच आमचे दुसरे घर झाले. गणेशोत्सव, कोजागिरी, गुढीपाडवा अशा निमित्तांनी होणारी कितीतरी गाणी त्या सभागृहांतून आम्ही ऐकली आणि ती ऐकणाऱ्या मंडळींनाही जवळून पाहिले. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, गाणे ही जशी शिकण्याची विद्या आहे, तशीच दाद देणे हीही शिकण्याचीच विद्या आहे. आणि ती केवळ जिभेची नसून वागणुकीची विद्या आहे.

ही विद्या समाजाला शिकवावी म्हणून ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य वेचले, घरदार सोडले, अपार मान मिळवला आणि अखेरीस कर्जापायी स्वतःच्या हातांनी उभारलेली वास्तूही गमावली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. पंडितजी जन्माने दक्षिण महाराष्ट्राचे. परंतु त्यांचे थोरपण फुलले ते महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, पंजाबात. घरापासून लांब राहून आपली विद्या आणि आपला स्वाभिमान जपणाऱ्या तुम्हां-आम्हां सर्वांना त्यांचे चरित्र म्हणूनच अधिक जवळचे वाटावे.

विष्णूंचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे लहानसे संस्थानी गाव. नदीपलीकडे नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ, मृदंग, अभंग आणि पदे ही त्या मुलाला घरातच लाभली. मुलगा हुशार होता, शाळेत जात होता, आणि सारे काही सुरळीत चालते तर तो संस्थानात एखादा कारकून किंवा वडिलांप्रमाणे कीर्तनकार होऊन गेला असता. परंतु बालपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी कायमची अधू झाली आणि शाळा सुटली. उपचारासाठी मुलाला मिरजेस नेण्यात आले. तेथील डॉक्टरांना त्याचा गळा गोड असल्याचे जाणवले. ज्याला पुस्तक वाचणे कठीण, त्याला गाणे तरी शिकवावे, असा सल्ला मिळाला आणि मिरजेच्या संस्थानिकांनी त्याची सोय पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे लावून दिली.

बाळकृष्णबुवांविषयी येथे दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे. तरुणपणी गाणे शिकण्याच्या ध्यासाने ते उत्तरेकडे गेले. हद्दू-हस्सू खाँ या विख्यात बंधूंच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून, गुरुगृहीचे कष्ट उपसून त्यांनी विद्या मिळवली आणि ती परत येऊन मुक्तहस्ते वाटली. अशा गुरूच्या सहवासात विष्णूंची सुमारे नऊ वर्षे गेली. पहाटे उठून खर्जाची मेहनत, दिवसा गुरूंची सेवा, संध्याकाळी पुन्हा तालीम, हा त्यांचा क्रम होता. एकेक पलटा शेकडो वेळा घोटायचा आणि गुरूंच्या तोंडून एखादा होकार आला की दिवस सार्थकी लागला असे मानायचे. दाद म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला असावा. जाणकाराचा एक होकार अजाणांच्या शंभर वाहवांहून मोलाचा असतो, हे शिष्याला कोणी सांगावे लागत नाही.

आता त्या काळात गवयाला समाजात कोणते स्थान होते, हे पाहू. राजवाड्यात मैफल होई. सरदार-मानकरी लोडाला टेकून बसत. समेवर मान हलवीत, वाहवा देत, खूश झाले की शेला-पागोटे, कडे किंवा बिदागी देत. त्यांपैकी कित्येक जण गाण्याचे खरे मर्मज्ञ होते, यात शंका नाही. परंतु मैफल संपली की तोच गवई वाड्याच्या नोकरवर्गात मोजला जाई. त्याच्या गळ्याला मान होता; त्याला नव्हता. खुद्द गवयांपैकी अनेकांना याची इतकी सवय झाली होती की, यात काही अपमान आहे असेही त्यांना वाटेनासे झाले होते.

विष्णुबुवांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग याच स्थितीतून उद्भवला. त्यांच्या चरित्रकारांनी तो नोंदवून ठेवला आहे. मिरजेत एक समारंभ होता. गावातील प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली. संस्थानिकांची मर्जी असल्यामुळे तरुण विष्णुबुवांनाही बोलावणे आले. परंतु त्यांच्या गुरूंना, प्रत्यक्ष बाळकृष्णबुवांना, आले नाही. हे कसे झाले म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा बुवा हे गवई आहेत, त्यांना प्रतिष्ठितांच्या पंक्तीचे आमंत्रण कसे असणार, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्या गुरूच्या गाण्याला याच मंडळींनी मनसोक्त माना डोलवल्या होत्या, त्या गुरूला पंगतीत जागा नव्हती. ही गोष्ट शिष्याच्या जिव्हारी लागली. गाण्याची ही कसली कदर, की गाणे हवे आणि गाणारा नको? गवयाला समाजात मानाचे स्थान मिळवून दिल्याशिवाय राहायचे नाही, असा निर्धार करून १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली. आश्रय सुखाचा होता, पुढची वाट अंधारी होती, दृष्टी अधू होती. तरीही ते निघाले.

हा प्रसंग वाचून पुष्कळांना वाटेल की, ती संस्थानी जमान्याची गोष्ट झाली. आज तसे कोठे होते? याबाबत आमच्या पाहण्यात आलेली एक हकीकत सांगतो. आमची बदली ज्या एका गावी झाली होती, तेथील मंडळाने उत्सवात बाहेरगावच्या गायिकाबाईंना बोलावले होते. गाणे उत्तम झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला, आभाराचे भाषण अलंकारिक झाले. नंतर जेवणाची पाने मांडली गेली. गायिकाबाईंना मुख्य पाहुण्यांच्या शेजारी सन्मानाने बसवण्यात आले. त्यांच्याबरोबर दोन तास तबला वाजवणारे वयस्क गृहस्थ मात्र आपल्या तबल्याच्या जोडीपाशी, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांना कोणी या म्हटले नाही आणि न बोलावता जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हे सर्वप्रथम ध्यानात आले ते मंडळातील एका आजींच्या. त्या उठल्या, बाहेर गेल्या, त्या गृहस्थांना हात जोडून आत घेऊन आल्या आणि आपल्या स्वतःच्या पाटावर त्यांना बसवून आपण वाढायला उभ्या राहिल्या. त्या रात्रीची खरी दाद कोणी दिली असेल, तर ती त्या आजींनी, असे आम्हांस आजही वाटते.

मिरज सोडल्यावर विष्णुबुवांनी बडोद्याकडे प्रयाण केले. तेथील राजघराण्यात त्यांच्या गाण्याचे कौतुक झाले. परंतु पुन्हा एकदा दरबारी आश्रयात अडकून पडायचे नाही, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. पुढे काठेवाडात त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या काळी धाडसाची होती. तिकीट लावून त्यांनी सर्वांसाठी खुला असा गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. शास्त्रीय संगीताच्या इतिहासात अशा जलशाचा हा आरंभ मानला जातो. आज तिकीट काढून गाणे ऐकायला जाण्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण त्या तिकिटाचा अर्थ पाहावा. दरबारात एक धनी खूश होऊन बक्षीस देई; ते द्यावे की न द्यावे, किती द्यावे, हे त्याच्या लहरीवर असे. तिकीट काढणारा श्रोता मात्र गाणे सुरू होण्याआधीच कबूल करतो की, या विद्येला मोल आहे आणि ते देणे माझे कर्तव्य आहे. त्यामुळे गवई हा याचक राहिला नाही. शिवाय ज्या साध्या माणसाला दरबाराची पायरीही चढता आली नसती, तो चार आणे-आठ आणे वाचवून गाण्याला बसू शकू लागला. दाद देण्याचा अधिकार सरदारांच्या हातून सामान्यांच्या हाती आला, तो असा.

गिरनार पर्वताच्या परिसरात त्यांना एका साधुपुरुषाची भेट झाली आणि उत्तरेकडे जाऊन कार्य करावे, अशी प्रेरणा तेथे मिळाली, असे परंपरेने सांगितले जाते. त्यानंतर ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. मथुरेच्या वास्तव्यात व्रजभाषेचा आणि हिंदीचा त्यांनी अभ्यास केला. दूरदेशी जाऊन राहायचे तर तेथल्या लोकांची भाषा आपली केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. अखेरीस लाहोर हे आपले कार्यक्षेत्र त्यांनी निश्चित केले आणि ५ मे १९०१ रोजी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

ही घटना किती मोठी होती, याची कल्पना आज येणे अवघड आहे. तोपर्यंत गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाच्या किंवा बुवांच्या घरी राहायचे, त्यांची मर्जी सांभाळायची आणि मिळेल तेवढे कानावर साठवायचे. येथे मात्र शाळा होती, वर्ग होते, वेळापत्रक होते, अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या. ही शाळा कोणा राजाच्या खजिन्यावर अवलंबून नव्हती; लोकांच्या वर्गणीवर आणि पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर ती चालायची होती. सुरुवातीचे दिवस कसोटीचे गेले. विद्यार्थी येईनात. तरीही ठरल्या वेळी पंडितजी वर्ग उघडीत आणि रिकाम्या खोलीत तंबोरा लावून गात बसत, असे सांगतात. हळूहळू लोक आले. आधी मुले आली, मग प्रतिष्ठित घरांतील तरुण आले आणि पुढे स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली. ज्या काळात कुलीन घरातील मुलीने गाणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत होती, त्या काळात हे घडले.

पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. दृष्टी अधू असलेल्या या माणसाने छापखाना उभारला, ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी क्रमिक पुस्तके काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. वाद्यांच्या दुरुस्तीचे काम शिकवण्याची व्यवस्था केली. उपदेशक वर्ग काढून निवडक विद्यार्थ्यांना आपल्याजवळ ठेवले. त्यांच्या जेवणाखाण्याचा भार संस्थेने उचलायचा आणि त्यांनी नऊ वर्षे निष्ठेने शिकून पुढे शिक्षक व्हायचे, अशी ती योजना होती. या मुलांनी पहाटे उठावे, स्वच्छ पोशाख करावा, व्यसनांपासून दूर राहावे, वेळ पाळावी, याविषयी पंडितजी कमालीचे कडक होते. गवयाला मान मिळवून द्यायचा, तर गवयानेही त्या मानाला पात्र झाले पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. मान हा मागून मिळत नाही, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते.

त्यांच्या शिष्यपरंपरेत एक विचार आवर्जून सांगितला जातो. शाळेतून तानसेन निर्माण होत नाहीत, असा आक्षेप पंडितजींवर घेतला जात असे. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, तानसेन घडवणे कोणाच्याच हाती नाही. परंतु आपण कानसेन तरी खात्रीने घडवू. आम्हांस हा विचार फार मोलाचा वाटतो. ज्याने स्वतः सहा महिने का होईना, तंबोऱ्यापुढे बसून षड्ज लावण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला दुसऱ्याच्या लागलेल्या षड्जाची किंमत कळते. ज्याने त्रिताल हातावर मोजला आहे, त्याला समेवर अचूक येण्यातील थरार कळतो. त्याची दाद बरोबर जागी जाते. न समजता मारलेली हाळी गाणाऱ्याच्या समाधीचा भंग करते. समजून घेतलेला एक निःश्वासदेखील त्याला बळ देतो. गाणारा एकटा गात नसतो. समोरचा कान जागा आहे, असे दिसले की त्याला नवीन जागा सुचतात. तेव्हा चांगले श्रोते घडवणे हे चांगले गायक घडवण्याइतकेच संगीताचे कार्य आहे.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुढे सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. तेथे शेकडो विद्यार्थी शिकू लागले. पंडितजींनी संगीत परिषदा भरवल्या आणि निरनिराळ्या परंपरांच्या कलावंतांना एका व्यासपीठावर आणले. गवयाचे व्यासपीठ हे विद्वानाचे व्यासपीठ आहे, ही जाणीव त्यांनी समाजात रुजवली. त्यांच्या नावामागे लागलेली पंडित ही उपाधी हे त्याचेच चिन्ह होते.

राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून पंडितजी ‘वंदे मातरम्’ गात असत. १९२३ सालच्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणास्तव संगीताला हरकत घेतली. परंतु ही राष्ट्राची सभा आहे, एका धर्माची नव्हे, अशी भूमिका घेऊन पंडितजींनी गीत अखेरपर्यंत गाऊन पूर्ण केले. त्या प्रसंगाकडे निरनिराळ्या दृष्टींनी पाहता येईल. आम्ही तो येथे सांगतो तो एवढ्यासाठीच की, मिरजेत ज्या गवयांना समारंभाचे निमंत्रण मिळत नव्हते, त्या वर्गातील एक पुरुष सत्तावीस वर्षांनंतर राष्ट्राच्या व्यासपीठावर उभा राहून आपल्या गाण्याच्या अधिकाराविषयी अध्यक्षांशी बरोबरीच्या नात्याने बोलत होता.

चरित्रलेखकाने गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना पंडितजींनी शृंगारिक चिजांच्या जागी तुलसीदास, सूरदास, मीराबाई, कबीर यांची पदे आणली. गाण्याला भक्तीचे आणि सदाचाराचे अधिष्ठान दिले. याचा लाभ मोठा झाला. मध्यमवर्गीय घरांची दारे गाण्याला उघडली. परंतु ज्या मुसलमान खाँसाहेबांच्या घराण्यांनी आणि ज्या पेशेवर गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जिवंत ठेवली होती, त्यांना या नव्या प्रतिष्ठेत बरोबरीचा वाटा मिळाला नाही, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे आणि त्यात तथ्य आहे. स्वतः पंडितजींचे गाणे हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतून आलेले होते. गाणारा कोण, कोठला, कोणत्या घरातला, हे न पाहता गाण्याबरोबर गाणाऱ्याचाही मान राखणे, हे पंडितजींच्या निर्धाराचे राहिलेले काम आहे, आणि ते आपण पुढच्यांनी करायचे आहे.

पंडितजींचा उत्तरकाळ खडतर गेला. इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना. संस्थेच्या खर्चासाठी ते देशभर दौरे करीत राहिले. गाणे आणि रामायणावरील प्रवचने यांतून पैसा उभा करीत राहिले. त्यांची अनुपस्थिती आणि वाढता खर्च यांमुळे कारभार कोसळत गेला आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबईची वास्तू सावकारांच्या हाती गेली. एखादा दुसरा असता तर खचून गेला असता. पंडितजींनी भगवी वस्त्रे धारण केली, नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापला आणि मोजक्या शिष्यांना घेऊन ते रामनामात आणि विद्यादानात रमले. घरातील दुःखेही थोडी नव्हती. बरीच अपत्ये अल्पायुषी ठरली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा उरला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींचा देहान्त झाला. ज्या गावातून गुरूंच्या अपमानाचे शल्य घेऊन ते बाहेर पडले, त्याच गावी त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकोणसाठ.

दगडाविटांची इमारत गेली. माणसांची उभी राहिली. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. मुंबईत देवधर मास्तरांनी शाळा चालवली. नारायणराव व्यासांनी आपल्या गाण्याने आणि ध्वनिमुद्रिकांनी घरोघरी स्थान मिळवले. नारायण मोरेश्वर खरे महात्मा गांधींच्या आश्रमात जाऊन राहिले आणि तेथील प्रार्थनेला त्यांनी स्वर दिले. शंकरराव बोडस कानपूरला गेले आणि त्या उद्योगनगरीत गाण्याचे बीज रुजवले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे पीठ सांभाळण्यास गेले. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. आणि दहाव्या वर्षी पितृछत्र हरपलेला तो दत्तात्रेय, वडिलांच्याच शिष्यांच्या हाताखाली तयार होऊन, द. वि. पलुस्कर या नावाने साऱ्या देशाचा लाडका गायक झाला. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर तो गायला. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. देशाची फाळणी झाली, लाहोर परके झाले. परंतु लाहोरच्या त्या खोलीत लागलेला तंबोरा देशाच्या कानाकोपऱ्यांत वाजत राहिला. १९७३ साली भारत सरकारच्या डाक विभागाने पंडितजींचे तिकीट काढले. गवयाला राजमान्यता मिळाली, ती कोणा एका राजाची नव्हे, तर प्रजेच्या राज्याची.

परप्रांतातील आपल्या किती घरांत गांधर्व मंडळाच्या प्रवेशिकेची, मध्यमेची, विशारदाची प्रमाणपत्रे भिंतीवर लावलेली असतात! आपल्या मुलींनी तंबोरा हाती घ्यावा आणि त्याचा आईवडिलांना अभिमान वाटावा, ही गोष्ट पंडितजींच्या आधी शक्य नव्हती. त्या प्रमाणपत्रावर त्यांचे नाव असो वा नसो, त्यामागे त्यांचे श्रम आहेत.

तर मग गाण्याला दाद कशी द्यावी? या चरित्रातून आम्ही जे घेतले, ते मंडळाच्या बंधुभगिनींपुढे नम्रपणे मांडतो. दादेचा प्रारंभ गाण्याच्या आधी होतो. वेळेवर येऊन बसणे ही पहिली दाद. मुख्य पाहुण्यांना उशीर झाला म्हणून गवयाला तंबोरे लावून ताटकळत ठेवणे म्हणजे त्याच्या विद्येपेक्षा पाहुण्यांचे पद मोठे मानणे होय. गाणे चालू असताना मुलांना सांभाळावे, कुजबुज करू नये, विलंबित ख्याल रंगत असताना नाट्यगीताची चिठ्ठी पाठवू नये. अंतःकरणातून वाहवा उमटली तर ती जरूर द्यावी, दाबून ठेवू नये. पण शेजाऱ्याला आपले ज्ञान दिसावे म्हणून देऊ नये. भैरवी होईपर्यंत उठू नये.

गाणे संपल्यावर जवळ जाऊन नमस्कार करावा आणि जे आवडले ते नेमके सांगावे. फारच छान झाले, हे वाक्य गवयाने हजार वेळा ऐकलेले असते. अमुक बंदिशीचा मुखडा आपण दर वेळी निराळ्या रीतीने घेतला, किंवा तारसप्तकातील त्या एका स्वरावर आपण थांबलात तेव्हा डोळे भरून आले, असे सांगितले, तर त्याला कळते की आपले श्रम पोहोचले. रागाचे नाव ठाऊक नसले तरी हरकत नाही. काय वाटले ते साध्या शब्दांत सांगावे. दुसऱ्या गवयाशी तुलना मात्र करू नये. आपण अगदी अमक्यांसारखे गायलात, ही स्तुती बोलणाऱ्याला गोड वाटते; ऐकणाऱ्याने आयुष्यभर स्वतःसारखे गाण्यासाठी मेहनत केलेली असते. आणि गवयाला दाद देताना तबलजी, पेटीवाले आणि मागे बसून तंबोरा छेडणारी मुलगी यांना विसरू नये. ठरलेली बिदागी मागण्याची वेळ येऊ न देता सन्मानाने द्यावी, पंगतीत सर्वांना बरोबर बसवावे आणि स्टेशनापर्यंत पोहोचवायला कोणी तरी जबाबदार माणूस जावे.

मंडळातीलच एखादी सूनबाई किंवा शाळकरी मुलगा पहिल्यांदा व्यासपीठावर गात असेल, तर हे सर्व अधिकच मनापासून करावे. त्याचा सूर थोडा हलला, तर चेहरा वाकडा करू नये. तो हलला हे त्याला ठाऊक असते. जे साधले ते सांगावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऐकायचे आहे, असे म्हणावे. खोटी स्तुती करण्याचे कारण नाही. पुन्हा ऐकण्याची इच्छा व्यक्त करणे यापरती दाद कोणत्याही गाणाऱ्याला नको असते.

पन्नास वर्षे आपले मंडळ टिकले, यात गाण्याचा वाटा मोठा आहे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या व्यासपीठावर जो कोणी गाईल, वाजवील, त्याला आपल्या पंगतीत नेहमी पाट मांडलेला मिळावा, एवढीच या निमित्ताने आमची प्रार्थना आहे.